उसाच्या मुलखातला काळा सिनेमा

25 जून 1975च्या रात्री देशात आणीबाणी लागू झाली. दोनच दिवसांनी, 27 जूनला, बर्लिनमध्ये पंचविसावा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. त्या वर्षी तिथल्या स्पर्धेत एक मराठी चित्रपट होता, ‘सामना’. एक साखर कारखाना, त्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील, वाट चुकल्यासारखा गावात येऊन पडलेला एक दारुडा मास्तर आणि मारुती कांबळे नावाचा, कुणीच ज्याच्याबद्दल बोलायला तयार नाही असा एक माणूस, एवढ्यावर तो चित्रपट उभा होता. सुवर्ण अस्वल मिळालं हंगेरीच्या मार्ता मेसारोस यांना. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक. ‘सामना’ला बर्लिनचं पारितोषिक मिळालं नाही. पण गावातली सत्ता आणि तिच्या सावलीत दडपलेला खून यांची गोष्ट जगापुढे गेली, तेव्हा इकडे वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता.

दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल हे पेशानं डॉक्टर. त्यांचं आणि त्यांच्या डॉक्टर पत्नीचं रुग्णालय दौंडला होतं. बारामतीला जाणारा रेल्वेचा फाटा दौंडलाच फुटतो. तिथून पुढे भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधे पसरलेला मुलूख म्हणजे बारामती आणि इंदापूर तालुके, थेट नीरा-नरसिंहपूरच्या संगमापर्यंत. उसाचा, कारखान्यांचा, संचालक मंडळांच्या निवडणुकांचा मुलूख. ‘सामना’चं गाव काल्पनिक आहे, हिंदुराव हे पात्रही काल्पनिक आहे. अमुक एका माणसाचं ते चित्र म्हणून बघणं चित्रपटावर आणि त्या माणसावर, दोघांवरही अन्याय होईल. पण त्या गोष्टीतली माती कुठली, हे या दोन तालुक्यांतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

हॉलीवूडमध्ये अशा गोष्टींचा एक आख्खा प्रवाहच आहे. त्याला ‘फिल्म न्वार’ म्हणतात, म्हणजे काळा चित्रपट. गंमत अशी की चित्रपट अमेरिकेचे आणि नाव मात्र फ्रान्सनं दिलेलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसला अमेरिकी चित्रपट मिळत नव्हते. युद्ध संपल्यावर साठलेले सगळे एकदम आले. लागोपाठ बघताना समीक्षकांच्या लक्षात आलं, की हॉलीवूडचा स्वभावच बदलला आहे. नायक साधा, सरळ राहिलेला नाही, गुन्हेगार आणि सज्जन यांच्यातली रेघ पुसट झाली आहे, पैशाची आणि मोठेपणाची हाव माणसाला कुठवर नेते हाच विषय झाला आहे. 1946 साली नीनो फ्रँक या समीक्षकानं त्यांना ‘न्वार’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

या चित्रपटांचा अंधार आला जर्मनीतून. हिटलरच्या धाकानं युरोप सोडून अमेरिकेत गेलेले बिली वाइल्डर, फ्रित्स लांग, रॉबर्ट सिओडमाक यांच्यासारखे दिग्दर्शक तो बरोबर घेऊन आले. एकाच बाजूनं येणारा उजेड, अर्धा चेहरा काळोखात, जिन्यावर पडलेल्या लांबलचक सावल्या. वाइल्डरच्या ‘डबल इन्डेम्निटी’त (1944) विमा विकणारा माणूस एका बाईच्या नादी लागून तिच्या नवऱ्याचा खून करतो, आणि चित्रपट सुरू होतो तो त्याच्या कबुलीजबाबानं. वाइल्डरचाच ‘एस इन द होल’ (1951) तर अंगावर काटा आणतो. गुहेत अडकलेल्या माणसाची बातमी जास्त दिवस चालावी म्हणून एक पत्रकार त्याची सुटका लांबवतो.

पण ‘सामना’च्या शेजारी ठेवायचा तर ‘द स्ट्रेंज लव्ह ऑफ मार्था आयव्हर्स’ (1946) हाच. तोही एका कारखान्याच्या गावाचा. गावाचं नावच आयव्हर्सटाउन, आयव्हर्स घराण्यावरून पडलेलं. 1928 साली लहानगी मार्था आपल्या जुलमी आत्याला जिन्यावर काठीनं मारते आणि आत्या मरते. शिकवणीच्या मास्तरांचा मुलगा वॉल्टर तिथं हजर असतो. मास्तर हे प्रकरण गिळून टाकतात, कारण मार्था आता सगळ्या इस्टेटीची वारस. पुढे ते आपल्या मुलाचं लग्न तिच्याशी लावून देतात. मधल्या काळात त्याच खुनासाठी एका भलत्याच माणसाला फाशी होते, आणि तो खटला चालवतो वॉल्टरच. मार्थानं कारखाना हाती घेतला तेव्हा तिथं 3,000 कामगार होते, तिनं ते 30,000 केले. नवरा सरकारी वकील, सगळं गाव मुठीत. घरात मात्र नवरा रात्रंदिवस दारूच्या आहारी आणि दोघांमध्ये प्रेमाचा टिपूसही नाही. बार्बरा स्टॅनविकनं मार्था उभी केली, आणि पिचलेला नवरा साकारला कर्क डग्लसनं. तो त्याचा पहिलाच चित्रपट.

मग बालपणीचा मित्र सॅम गाडीला अपघात झाला म्हणून योगायोगानं गावात येतो. नवरा-बायकोची खात्री असते, की त्या रात्री यानं सगळं पाहिलं आणि आता हा पैसे उकळायला आला आहे. ती त्याला वश करायला बघते, नवरा त्याला मारहाण करून गावाबाहेर टाकतो. प्रत्यक्षात सॅमनं काहीच पाहिलेलं नसतं. आत्या मेली त्याच्या आधीच तो तिथून निघून गेलेला होता. हे दोघं इतके घाबरले नसते तर त्याला कधी काही कळलंही नसतं. गुन्हा उघडकीला येतो तो साक्षीदारामुळे नव्हे, तर गुन्हेगाराच्या भीतीनं.

‘सामना’चा मास्तर अगदी याच जागी उभा आहे. त्याला मारुती कांबळे माहीत नाही. त्यानं खून पाहिलेला नाही. त्याच्या कानावर फक्त एक नाव पडतं, आणि ते नाव काढताच गावातली माणसं गप्प होतात, तोंड फिरवतात, विषय बदलतात. त्या गप्प होण्यानंच मास्तरला सांगितलं, की इथं काहीतरी पुरलेलं आहे. मग तो भेटेल त्याला विचारत सुटतो, या माणसाचं पुढे झालं काय? महाराष्ट्राच्या राजकीय बोलीत तो प्रश्न कायमचा रुजला. आजही एखादं प्रकरण दडपलं गेलं की अग्रलेखांत आणि सभांत मारुती कांबळेचं नाव निघतं.

मराठी पडद्यावर काळा चित्रपट याआधी आलाच नव्हता, असं नाही. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964) हा खून, खटला आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन स्त्रिया यांचा चित्रपट. त्याचाच पुढे हिंदीत ‘मेरा साया’ झाला. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (1972) लोकांना लावण्यांसाठी आठवतो, पण त्याची मुळं आहेत ‘द ब्लू एंजल’ या 1930च्या जर्मन चित्रपटात, म्हणजे न्वारचा अंधार जिथून निघाला त्याच गावात. तमाशातल्या बाईपायी बरबाद झालेला आदर्श गुरुजी अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली न्यायालयात उभा राहतो. गावानं त्याचा पुतळा उभारलेला असतो, आणि पुतळा टिकावा म्हणून तो गप्प राहून शिक्षा पत्करतो. हे पूर्ण न्वार आहे, लावण्यांच्या मागे दडलेलं. तो मास्तर झाले होते डॉ. श्रीराम लागू. तीनच वर्षांनी ‘सामना’त ते दुसरे मास्तर झाले, आणि हा मास्तर काही केल्या गप्प राहत नाही.

पण ‘सामना’ कळायला त्याच्यामागची जमीन कळावी लागते.

बारामती-इंदापूर हा मूळचा अवर्षणाचा टापू. सह्याद्रीनं अडवलेल्या पावसाच्या सावलीतला. 1876 ते 78च्या दुष्काळानं दख्खन उद्ध्वस्त झाल्यावर इंग्रज सरकारनं कालव्यांची कामं हाती घेतली आणि 1885 साली नीरा डाव्या कालव्याचं पाणी सुटलं. पुरंदरमधून बारामतीत आणि तिथून इंदापुरात. भाटघरच्या धरणाचं पाणी. सुरुवातीला शेतकरी हे पाणी घ्यायलाच तयार नव्हते, कारण पावसाचा भरवसा असेल त्या वर्षी पाणीपट्टी का भरायची? मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असलेल्या विश्वेश्वरय्यांनी पाणी वाटपाची ‘ब्लॉक पद्धत’ आणली ती याच नीरा कालव्यावर. जमिनीचे गट पाडायचे, कोणत्या गटात किती ऊस आणि किती भुसार हे ठरवायचं आणि पाण्याची पाळी बांधून द्यायची. सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी कालव्याकाठी येऊन उसाचे मळे फुलवले, गुऱ्हाळं घातली. पाण्याच्या पाळीवर कोणाचं नाव आधी, कोणाचं मागे, या प्रश्नानं या मुलखाला राजकारण शिकवलं. निवडणुका त्यानंतर आल्या.

इंदापूर तालुक्यात कळंबजवळच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी शेतीपासून कारखान्यापर्यंत सगळं उभं केलं आणि वालचंदनगर वसलं. सोलापूरचा हा उद्योगपती. जहाजं, मोटारी आणि विमानं अशा तिन्ही उद्योगांचा देशात पाया घालणारा. साखरेपासून सुरू झालेल्या या गावात पुढे अवजड यंत्रसामग्री तयार होऊ लागली, इस्रोच्या अग्निबाणांचे भागसुद्धा. माळरानावर कारखान्यासाठी वसलेलं आणि मालकाचं नाव मिरवणारं गाव महाराष्ट्रानं इथं पाहिलं.

मग सहकार आला. 1948 साली नोंदला गेलेला लोणीचा प्रवरा कारखाना 1950-51च्या हंगामात सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील यांचा पुढाकार आणि अध्यक्षस्थानी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनी भाग भांडवल गोळा करून स्वतःचा कारखाना काढायचा, आणि भाग कितीही असोत, मत एकच. याच दशकात बारामतीत माळेगाव आणि इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, असे कारखाने उभे राहिले. मागून सोमेश्वर आला. आणखी काही वर्षांनी कर्मयोगी आणि नीरा-भीमा. हे सगळं खोटं होतं असं म्हणणारा माणूस या भागात फिरलेला नाही. कारखान्यानं रस्ते आणले, हायस्कूलं काढली, दुष्काळी कुटुंबातल्या पोरांना वसतिगृहात ठेवून शिकवलं. ज्या घरात भाकरीची चिंता होती, तिथं पहिल्या उचलीच्या पैशानं लग्नं झाली, विहिरी खोदल्या गेल्या.

पण या व्यवस्थेतच एक फट होती, आणि ‘सामना’ लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांची नजर नेमकी तिथं गेली.

ऊस हे काही ज्वारी-बाजरीसारखं कणगीत भरून ठेवायचं पीक नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. तुरा आला, उन्हाळा लागला की त्याचं वजन आणि साखर दोन्ही घटू लागतात. तोडल्यावर तर तासांचा हिशेब. जितका उशीर, तितका उतारा कमी. म्हणून तोडीची तारीख ज्याच्या हातात, त्याच्या हातात शेतकऱ्याचं वर्ष. त्या काळात झोनबंदी होती, आपल्या हद्दीबाहेरच्या कारखान्याला ऊस नेता येत नव्हता. ज्यानं सभेत तोंड उघडलं त्याच्या फडात तोडणीची टोळी पोचतच नाही, ज्यानं विरोधात पॅनेल उभं केलं त्याचा ऊस एप्रिलपर्यंत वाळत राहतो, असली भीती घालायला बंदूक लागत नाही. नोंदवही पुरते. त्यात पोराची कारखान्यातली नोकरी, सोसायटीचं कर्ज, दूध संघ, शाळेची संस्था हे सगळं एकाच वाड्याशी बांधलेलं असलं, तर गाव गप्प बसायला वेगळा हुकूम द्यावा लागत नाही.

इथं ‘सामना’ अमेरिकन न्वारपासून वेगळा होतो, आणि या लेखाच्या मते अधिक खोल जातो. मार्था आयव्हर्सची दौलत तिची स्वतःची आहे. वारशानं आलेली, खुनानं टिकवलेली. तिचं पाप दोन-तीन माणसांच्या पोटात राहू शकतं. हिंदुरावाचा कारखाना कागदोपत्री त्याचा नाहीच. तो सभासदांचा. त्याचं साम्राज्य हजारो लोकांच्या मालकीवर आणि त्याच लोकांच्या मुकाट बसण्यावर उभं आहे. म्हणून त्याचा गुन्हा लपवायला एक वकील किंवा एक फौजदार पुरत नाही. सगळं गाव त्यात ओढावं लागतं. आरती प्रभूंनी लिहिलेलं आणि भास्कर चंदावरकरांनी संगीत दिलेलं या चित्रपटातलं खांद्यावरच्या ओझ्याचं गाणं ऐकताना हे एकाएकी उमगतं. ओझं एकट्या हिंदुरावाचं नाही, ते गावानं वाटून घेतलेलं आहे.

मारुती कांबळे हा लष्करातून परतलेला माणूस. बाहेरचं जग बघून आलेला, मान वर करून बोलणारा. तो या गावात खपण्यासारखा नव्हता. त्याचं आडनाव कांबळे आहे, हे तेंडुलकरांनी सहज ठेवलेलं नाही. कारखाना सभासदांचा खरा, पण सभासद व्हायला आधी उसाची जमीन लागते. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, तो या लोकशाहीच्या सभामंडपाबाहेर उभा.

आणि हिंदुराव? निळू फुल्यांनी उभा केलेला हिंदुराव नुसता खलनायक असता तर चित्रपट पन्नास वर्षं टिकला नसता. त्याच्याकडं सगळं आहे. कारखाना, संस्था, गाड्या, मंत्र्यांची ये-जा, हुजरे, बाया. नाही तो फक्त एक माणूस, जो त्याच्याशी बरोबरीनं बोलेल. समोर येणारा प्रत्येकजण काहीतरी मागायला आलेला असतो, किंवा भिऊन हसत असतो. अशा वेळी रस्त्यात एक फाटका, पिऊन पडलेला म्हातारा सापडतो. स्वातंत्र्यलढ्यात होता, गांधींवर विश्वास होता, आता कशावरच राहिलेला नाही. त्याला हिंदुरावाकडून काहीही नको आहे. हिंदुराव त्याला घरी आणतो, न्हाऊमाखू घालतो, दारू पाजतो, आपलं साम्राज्य फिरून दाखवतो. का? राजकारणासाठी नव्हे. मास्तरच्या डोळ्यांत त्याला आपलं मोठेपण वाचायचं आहे, कारण गावातल्या कोणत्याच डोळ्यांत आता खरं काही लिहिलेलं नसतं. यश मिळालं, पण ते दाखवावं असं कोणी उरलं नाही. आयव्हर्सटाउनच्या हवेलीतलं रितेपण आणि या वाड्यातलं रितेपण सारखंच आहे. मार्था ज्या आशेनं सॅमकडे बघते, त्याच आशेनं हिंदुराव मास्तरकडे बघतो. आणि दोघांचाही घात करतो तो नेमका हाच माणूस. ज्याच्यापुढे मन उघडावंसं वाटलं, त्याच्याच प्रश्नानं पायाखालची जमीन सरकते.

लागू आणि फुले यांच्या समोरासमोरच्या प्रसंगांना मराठी पडद्यावर तोड नाही, हे आजवर पुष्कळांनी म्हटलं आहे आणि ते खरंच आहे. एक दारूच्या धुंदीतही सरळ बघणारा, दुसरा शुद्धीत असून नजर चुकवणारा. फुल्यांचा आवाज कधी चढत नाही. बैठकीत पान लावता लावता माणूस संपवायचा हुकूम द्यावा तसा तो आवाज. प्रेक्षकांनी त्या आवाजाचा इतका धसका घेतला, की खेड्यापाड्यांतल्या बाया या नटालाच खराखुरा दुष्ट समजत. हा माणूस होता राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला, पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला समाजवादी कार्यकर्ता. पुढे पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभा राहिला. त्यासाठी लागू, फुले आणि त्यांच्या सहकलाकारांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले. पडद्यावर एकमेकांशी झुंजलेले हे दोघं एकाच झोळीसाठी वणवण फिरले.

आणखी एक योग सांगण्यासारखा आहे. दिग्दर्शक पटेल, मास्तर झालेले लागू आणि मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे हे तिघंही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉक्टर. पटेल बालरोगतज्ज्ञ, लागू कान-नाक-घशाचे, आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. निर्माते रामदास फुटाणे चित्रकला शिक्षक आणि वात्रटिकाकार. स्टुडिओच्या जगातल्या माणसांनी नव्हे, तर अशा मंडळींनी हा चित्रपट उभा केला. गावाशी आणि गावाच्या दुखण्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांना त्यातली हिंमत कुठून आली हे वेगळं विचारायला नको. चित्रपटाला मराठीतल्या सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

तेंडुलकर त्या सुमारास नेहरू पाठ्यवृत्ती घेऊन देशातल्या हिंसाचाराचा अभ्यास करत होते. ‘सामना’च्याच वर्षी श्याम बेनेगल यांचा ‘निशांत’ आला. जमीनदारांनी पळवलेली मास्तरची बायको आणि शेवटी पेटून उठलेलं गाव. त्याचीही पटकथा तेंडुलकरांची. आणि लगोलग 1976 साली ‘मंथन’. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये घालून काढलेला, सहकाराची आशा मांडणारा चित्रपट. त्याच्या पटकथेसाठी तेंडुलकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे ज्या हातानं सहकाराच्या पोटातला काळोख लिहिला, त्याच हातानं वर्षभरात सहकाराचा उजेड लिहिला. तेंडुलकर सहकाराचे वैरी होते असा समज आजही कुठं कुठं आहे. त्याला हे दोन चित्रपट एकापाठोपाठ बघणं हाच इलाज आहे. दोन्ही चित्रपटांतला प्रश्न एकच आहे. संस्था सगळ्यांची म्हटली, तर बोलायचा हक्क सगळ्यांना आहे का?

पटेल यांनी पुढे ‘सिंहासन’ (1979) केला, अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून. कृष्णधवल, मुंबईच्या रात्री, मंत्रालयाचे जिने आणि एक पत्रकार दिगू टिपणीस. बाह्यतः हाच खरा न्वार वाटतो. यात दिगू झालेले फुले बरोबर उलट्या बाजूला आहेत. सत्ता चालवणारे नव्हेत, ती बघत राहणारे. सगळं ठाऊक असून काहीच करू न शकणाऱ्या दिगूचं हसणं शेवटी वेड्यासारखं होतं, आणि चित्रपट तिथं संपतो. ‘सामना’च्या मास्तरनं विचारून काहीतरी हलवलं होतं. दिगूला विचारायचीसुद्धा सोय राहिलेली नाही. चार वर्षांत महाराष्ट्राबद्दलचा पटेलांचा भरवसा किती उतरला, हे या दोन शेवटांवरून कळतं.

आणि हाच धागा इंदापूरच्या अगदी समोर पुन्हा वर आला. 1980च्या सुमारास उजनी धरण भरलं आणि इंदापूर तालुक्यातली भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी आटलं की अजून वर येतं. या पाण्याच्या पलीकडच्या काठाला करमाळा तालुका. नागराज मंजुळे यांनी 2016 साली आलेला ‘सैराट’ चित्रित केला तो त्याच पट्ट्यात. लोकांनी त्यातली गाणी डोक्यावर घेतली. पण त्यातल्या नायिकेच्या बापाकडे, तात्यांकडे, नीट पाहावं. बागायत, सत्ता, माणसांची फौज, पंचक्रोशीत दरारा. पोरगी पळून गेली तेव्हा तुटलं ते बापाचं काळीज नव्हे, तर पुढाऱ्याचं वजन. शेवटी त्या वजनासाठी सख्खा भाऊ बहिणीच्या दारात भेटवस्तू घेऊन उभा राहतो. हिंदुरावाचा वाडा चाळीस वर्षांत रिताच राहिला, फक्त त्याच्या अंगणात गाड्या वाढल्या.

‘सामना’त कारखान्याचं जग दिसतं, पण एक माणूस त्यात फारसा दिसत नाही, तो म्हणजे ऊसतोड कामगार. हे चित्रपटाचं उणं म्हणून नव्हे, तर आज तो बघताना मनात राहतं म्हणून सांगायला हवं. दसरा-दिवाळी झाली की बीड आणि नगरकडून टोळ्या उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको जोडीनं राबतात. या जोडीला हिशेबाच्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसं आणि नाव एका हत्याराचं. पहाटे थंडीत फडात, रात्री वाहन भरायला, पोरं पाचटाच्या कोपीत. हंगाम संपला की गाव त्यांना विसरतं. सभासद नाहीत, मतदार नाहीत, सभेत नाव नाही. मास्तर आज आला असता, तर त्याला नक्की कुणाबद्दल विचारावं लागलं असतं?

‘मंथन’ची प्रत फिल्म हेरिटेज फाउंडेशननं नव्यानं दुरुस्त केली आणि 2024 साली ती कान महोत्सवात दाखवली गेली. ‘मंथन’चाच जोडीदार असलेला ‘सामना’ आपल्या मुलखातच नव्या पिढीनं मोठ्या पडद्यावर पाहिलेला नाही. भवानीनगरात, माळेगावात, वालचंदनगरात मोठी पटांगणं आहेत, शाळांची सभागृहं आहेत, महाविद्यालयांत नाट्यमंडळं आहेत. यंदा गव्हाणीत मोळी पडेल त्या आठवड्यात कुणीतरी पडदा बांधावा. समोर सभासदांना बसवावं, कामगारांना बसवावं, आणि कोप्यांवर जाऊन तोडणी करणाऱ्या बायाबापड्यांनाही आवर्जून बोलावून आणावं. दोन-अडीच तासांचा चित्रपट आहे. संपल्यावर लगेच दिवे लावून भाषणं करू नयेत. थोडा वेळ माणसांना एकमेकांकडे बघू द्यावं.